गुडघ्याच्या कार्टिलेजचं ऑपरेशन झालंय, फिजिओबद्दल सल्ला हवा

एकपायी:
मंडळी, उजव्या गुडघ्याचं मायक्रोफ्रॅक्चर नावाचं ऑपरेशन होऊन उद्या ६ आठवडे होतील. मांडीच्या हाडाच्या टोकाशी आतल्या बाजूचं कार्टिलेज (हाडावरचा गुळगुळीत कूर्चेचा थर) गेलं होतं. आत्तापर्यंत दोन कुबड्या आणि पाय जमिनीला नुसता टेकवायचा, बस. आता डॉक्टर म्हणतात हळूहळू वजन टाका. पण मांडी एवढी बारीक झालीये की माझी वाटतच नाही, आणि पाय सरळ ठेवून उचलायला गेलो की गुडघा थोडा वाकतोच, टाच मागे राहते. वाकतो ११० अंशांपर्यंत. मामेभाऊ लिगामेंटचं ऑपरेशन करून दोन आठवड्यांत कुबड्या टाकून हिंडत होता, तो रोज फोन करून विचारतो अजून कुबड्याच का रे. तर जिममधल्या लेग एक्स्टेन्शन मशीनवर मांडी लवकर भरेल का? सायकल कधी? फिजिओ आठवड्यातून दोनदाच आहे, तेवढं पुरतं का?

निवांत:
मामेभावाचा फोन उचलू नका आधी :) लिगामेंटचं गणितच वेगळं. अहो कार्टिलेज-कार्टिलेजमध्ये सुद्धा फरक असतो. माझं वाटीच्या मागे होतं, पेशी काढून लॅबमध्ये वाढवून परत बसवल्या, म्हणजे दोन ऑपरेशनं. मला पहिल्या काही दिवसांतच ब्रेस सरळ लॉक करून चालायला दिलं होतं पण वाकवायचं मात्र जपून, कारण पाय सरळ असताना वाटीवर दाब फारसा येत नाही. तुमच्या जागेवर उभं राहिलं की थेट वजन येतं म्हणून तुम्हाला कुबड्या. त्यामुळे इथे कोणीही "मी अमुक आठवड्यात अमुक केलं" म्हणालं की आधी विचारा जागा कुठली आणि ऑपरेशन कुठलं.

पोटरी:
मी फिजिओ आहे, पण तुमचा गुडघा बघितलेला नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

मायक्रोफ्रॅक्चरमध्ये हाडाला बारीक भोकं पाडतात, त्यातून मज्जेचं रक्त येऊन गोठतं आणि त्या गुठळीपासून नवीन थर तयार होतो. तो मूळ कार्टिलेजइतका चिवट नसतो आणि पिकायला महिने लागतात. कार्टिलेजला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, सांध्यातल्या पाण्यातूनच पोषण मिळतं, म्हणून हालचाल भरपूर आणि वजन बेताने.

मांडी ऐकत नाही याला आळस कारण नाही हो. सांध्यात सूज असली की त्या स्नायूला जाणारा हुकूमच दबतो, मग कितीही जोर लावा. आधी सूज उतरवा, बर्फ, पाय उंच. मग टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, मांडी आवळून ५ मोजा, सोडा, दिवसात बऱ्याचदा, थोडं थोडं. फिजिओंना स्टिम्युलेशन मशीनबद्दल (हलक्या विजेने स्नायू आवळायला लावतं ते) विचारा, अशा वेळी उपयोग होतो. आणि गुडघ्याखाली उशी घेऊन झोपत असाल तर आजच काढा, त्यानेच पाय पूर्ण सरळ होत नाही.

लेग एक्स्टेन्शन मशीन आत्ता नको, नव्या थरावर घासणारा ताण नकोय. सायकल ११० ला जमेल, सीट उंच, रेझिस्टन्स शून्य, पण विचारून. वजन टाकायला घरचा वजनकाटा वापरा, दुखरा पाय काट्यावर आणि दुसरा तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर, मग डॉक्टरांनी सांगितलेले किलो म्हणजे नक्की किती ते पायाला कळतं. आठवड्यातून दोनदा चालेल, खरं काम घरीच असतं.

धडाडी:
एवढं घाबरायचं काय त्यात, मी तीन महिन्यांत पळत होतो, काही झालं नाही.

निवांत:
कुठलं ऑपरेशन हो?

धडाडी:
फाटलेला मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) साफ केला होता.

निवांत:
तेच म्हणतोय.

पोटरी:
साफ करणं आणि दुरुस्त करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कार्टिलेज दुरुस्तीनंतर पळणं सहसा ६ महिन्यांच्या पुढेच, उड्या-वळणांचे खेळ त्याहून उशिरा, तेही एका पायावरच्या उडीत दुखरा पाय दुसऱ्याच्या निदान ९० टक्के भरला तर. कॅलेंडर बघून नाही.

एकपायी:
उशी!! सहा आठवडे उशी घेऊनच झोपतोय, छान वाटतं म्हणून. कोणी बोललं कसं नाही. काल रात्री काढली, झोप नाही लागली पण असो. जास्त व्यायाम झाला हे ओळखायचं कसं?

पोटरी:
छान वाटतं कारण किंचित वाकलेल्या गुडघ्यात सुजेला जागा मिळते. रोज सकाळी एकाच जागी टेपने गुडघ्याचा घेर मोजा. व्यायाम करताना थोडं ओढल्यासारखं चालेल, पण दुसऱ्या दिवशी घेर वाढला किंवा रात्री ठणका लागला तर आदल्या दिवशीचं जास्त झालं, एक पायरी मागे. पोटरी दुखून गरम झाली, सुजली, किंवा दम लागला तर मात्र घेर-बिर न मोजता लगेच दवाखाना गाठा.

एकपायी:
नऊ दिवसांनी अपडेट. टाच आता जवळजवळ बरोबरीने उचलली जाते, घेर एक सेंटीमीटरने उतरला. मध्ये एक दिवस उत्साहात सायकल ४० मिनिटं मारली आणि दोन दिवस फुगला, तुम्ही म्हणालात तसंच. एक कुबडी सोडू का?

पोटरी:
टाच पूर्ण बरोबरीने येऊ द्या आणि लंगडणं थांबू द्या, मग डॉक्टरांना विचारून. एकच ठेवायची वेळ आली की ती चांगल्या पायाच्या बाजूला धरा, बरेच जण उलट धरतात.