गाड्या वेळेवर धावत होत्या म्हणे! (बडोदा, १९७० ते ८०)

प्रतापनगरचा

परवा अलकापुरीकरांनी सत्तरच्या दशकावर पोस्ट टाकली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार: आणीबाणीची लोक उगाच बोंब मारतात, बडोद्यात पानही हललं नव्हतं. माणसं साडेदहाला खुर्चीत, गाड्या वेळेवर. गुजरातचं वाटोळं केलं ते नवनिर्माण आंदोलनवाल्या कॉलेजच्या पोरांनी, मेसच्या बिलावरून सरकार पाडून. खाली 'अगदी खरं काका'ची रांग. प्रतिसाद लिहायला बसलो तो एवढा लांबला की वेगळा धागा काढतोय.

आधी मेसचं बिल. २० डिसेंबर १९७३ ला अहमदाबादच्या एल. डी. इंजिनीअरिंगची पोरं भडकली ती वीस टक्के वाढीवरून, खरं आहे. पण ती वाढ आकाशातून पडली का? ७१ चं युद्ध, त्यावर दुष्काळ, त्यावर ७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी आवळलेलं तेल. रेशनवर धान्य नाही, सिंगतेल (शेंगदाण्याचं तेल) डोळ्यांना दिसेना. मेसवाल्याने काय करायचं होतं? पोरांनी काडी ओढली, गवत आधीच वाळलेलं होतं.

९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांनी राजीनामा दिला, मार्चात विधानसभा बरखास्त. १६८ पैकी १४० जागा जिंकलेला काँग्रेस पक्ष, दोन वर्षं टिकला नाही. पुढे वर्षभर निवडणूकच नाही. मोरारजीभाई उपोषणाला बसले तेव्हा कुठे जून ७५ मध्ये झाली. निकाल लागले १२ जूनला, ज्या दिवशी अलाहाबाद हायकोर्टाने इंदिराबाईंची निवड रद्द केली त्याच दिवशी. १८ जूनला बाबूभाई पटेलांचं जनता मोर्चाचं सरकार आलं. आणि आठवड्याभरात आणीबाणी.

आता जोडा की राव दोन आणि दोन. बडोद्यात पान का हललं नाही? कारण गांधीनगरात विरोधकांचं सरकार होतं. देशभरातले भूमिगत लोक गुजरातेत येऊन लपत होते. मार्च ७६ मध्ये ते सरकार पडलं तोवर जवळपास नऊ महिने तुम्ही मोकळा श्वास घेतलात, तो ज्या पोरांना शिव्या देताय त्यांच्या जिवावर. त्या आंदोलनात शंभरच्या आसपास माणसं मेली.

आणि वेळेवर गाड्या! आमची अख्खी आळी रेल्वेची. मे १९७४ चा संप आठवतो का? ८ मे ते २७ मे, लाखो माणसं. आठ तासांची पाळी आणि बोनस मागत होती. शेजारचे काका पहाटे उचलले गेले. काकूंना क्वार्टर रिकामं करायची नोटीस, दोन पोरं आमच्या ओट्यावर झोपायची. मोडून काढलेल्या माणसाकडून वर्षभराने गाडी वेळेवर चालवून घेणं यात शिस्त कसली? ती दहशत.

अलकापुरीकर

वा! माझ्या चार ओळींना एवढं कीर्तन.

प्रतापनगरकर, तुमच्या शेजारचे काका सांगितलेत, आता माझे वडील ऐका. रावपुऱ्यात दुकान होतं, कापडाचं. तेलाचा आणि आमचा संबंध डोक्याला लावण्यापुरता. जानेवारी ७४ मध्ये जमाव आला, काचा फोडल्या, तागे रस्त्यावर ओढले. त्यातली निम्मी पोरं माझ्या ओळखीची होती, एक तर आमच्याकडे उधारीवर लग्नाचा सूट शिवून गेलेला. संचारबंदी आठवडाभर, माझं बीएस्सीचं वर्ष लांबलं. तुम्ही म्हणता 'पोरांच्या जिवावर श्वास'. आमचा तर त्यांनी कोंडला होता.

शिस्त वाईट होती असं मला कुणीही पटवू शकत नाही. ७६ मध्ये एका कचेरीत दाखल्यासाठी गेलो, लाच न देता तिसऱ्या दिवशी हातात. आज मिळवून दाखवा.

वाडीतली विद्या

सिंगतेलाचा विषय निघालाच आहे तर पुरुषमंडळींनी जरा गप्प बसावं, रांगेत आम्ही उभ्या होतो. आई पाव किलोच्या बरणीसाठी पहाटे मला उभी करायची. दुकानदार म्हणायचा 'नथी', आणि मागच्या दाराने डबे जायचे. सौराष्ट्रातल्या तेलिया राजांकडून (बड्या तेलगिरणीवाल्यांकडून) चिमणभाईंनी पैसे खाल्ले हा आरोप तेव्हा प्रत्येक गल्लीत चालायचा. खरं-खोटं देव जाणे, पण तेल नव्हतं हे माझ्या पायांना माहीत आहे. मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर लाटणी घेऊन निघाल्या, इथे आमच्या गल्लीत बायांनी थाळ्या बडवल्या. इतिहासात मात्र सगळे 'विद्यार्थी'.

मुळाकाठचा

बडोदेकरांचं दुःख वाचून हसू आलं. बहात्तरचा दुष्काळ महाराष्ट्राने काढलाय. आमच्या गावी खडी फोडायला अख्खी घरं गेली, सुकडी आणि मिलो खाऊन जगली. तुमचं सिंगतेल संपलं म्हणून सरकार पाडलंत, धन्य.

प्रतापनगरचा

मुळाकाठचे, महाराष्ट्राने सोसलं म्हणून आम्ही बोलायचं नाही, असा काही ठराव झालाय का? आणि सोसलं हे मोठेपणाने सांगताय, पण उठला नाहीत ते का, तेही सांगा.

मुळाकाठचा

उठलो नाही? लाटणे मोर्चा वरच्याच प्रतिसादात आहे, वाचता येत असेल तर.

खंडेराव मार्केट

अहो, 'बडोद्यात पान हललं नाही' हे वाक्य लिहिणाऱ्याला एकच शब्द: डायनामाइट. देशातला सर्वांत गाजलेला आणीबाणीचा खटला आपल्या गावाच्या नावाने ओळखला जातो. रेल्वे संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस दहा जून ७६ ला कलकत्त्याला पकडले गेले. आरोपींत बडोद्यातल्या इंग्रजी पेपरांचे दोन पत्रकार होते. पान नाही, इथे सुरुंग हलत होते!

अलकापुरीकर

बरं झालं आठवण दिलीत. रूळ आणि सरकारी मालमत्ता उडवण्याचा कट, त्याला आज काय म्हणतात? तुमचे शेजारचे काका ज्या रुळांवर पोट भरायचे तेच उडवायला त्यांचाच पुढारी निघाला होता. प्रतापनगरकर, यावर एक परिच्छेद येऊ द्या.

प्रतापनगरचा

येतोच. पेपरांवर सेन्सॉर, सभा बंद, मिसाखाली (विनाचौकशी डांबायचा कायदा) कुणालाही आत टाका, कोर्टात दाद नाही. अशा वेळी माणूस काय पत्र लिहील? मी सुरुंगाचं समर्थन करत नाही. पण हातात बेड्या घातलेल्या जॉर्जचा तो फोटो बघून मुझफ्फरपूरच्या लोकांनी त्याला तुरुंगातूनच तीन लाखांवर मताधिक्याने निवडून दिला. प्रचाराला एक दिवस न जाता. त्यांना तुमच्याइतकी शिस्तीची आवड नसावी.

अलकापुरीकर

म्हणजे मतं मिळाली की गुन्हा धुतला? हा नियम आजच्या पुढाऱ्यांना लावू का? मग पुन्हा लांब धागा काढाल.

कायदेपंडित बाबाजीपुरा

दोघेही चुकताय. खटला निकालापर्यंत गेलाच नाही. ७७ मध्ये जनता सरकार आलं आणि तो मागे घेतला. म्हणून 'दहशतवादी' हेही सिद्ध नाही आणि 'सरकारने रचलेलं कुभांड' हेही नाही. जॉर्ज स्वतः मंत्री झाले, खटला त्यांच्याच सरकारने काढून घेतला, हे मला तरी खटकतं. कोर्टात लढून सुटले असते तर आज हा वाद उरला नसता.

खंडेराव मार्केट

पंडितजी, जे सरकार कोर्टालाच विचारत नव्हतं त्याने भरलेला खटला कोर्टात लढायचा? सकाळी नळाचं पाणी आलं का तुमच्याकडे, की डोकं गरमच आहे?

कायदेपंडित बाबाजीपुरा

व्यक्तिगत टीका नको. मुद्दा असेल तर बोला.

गादीवाला

जॉर्ज जॉर्ज काय लावलंय, रेल्वेच्या बाबतीत खरा माणूस मधू दंडवते. ७७ ला रेल्वेमंत्री झाल्यावर संपात काढलेल्यांना परत घेतलं. आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंचांची गादी घातली! डिसेंबर ७७ ला गीतांजली सुरू झाली, वरचा वर्ग नसलेली गाडी. आज जे 'वेळेवर गाड्या' म्हणून उसासे टाकतात त्यांनी बडोदा ते दिल्ली एकदा लाकडी बाकावर झोपून जावं. वेळेवर पोचाल, पाठ मागाहून येईल.

प्रतापनगरचा

गादीवाले, शंभर टक्के. शेजारचे काका परत कामावर गेले ते त्याच हुकुमाने. तीन वर्षं मधे काय केलं म्हणाल तर मंगळबाजारात पिशव्या विकल्या. बोनस मात्र ७९ उजाडल्यावर मिळाला.

अलकापुरीकर

दंडवत्यांबद्दल माझंही वाकडं नाही, सभ्य माणूस होता. पण जनता सरकारची बाकी कामगिरी? अडीच वर्षं एकमेकांच्या तंगड्या ओढल्या, आणि ८० मध्ये त्याच लोकांनी इंदिराबाईंना परत आणलं. आणीबाणी एवढी नरक होती तर परत का आणलं?

वाडीतली विद्या

कारण कांदा महागला होता, काका. पुन्हा तेच: स्वयंपाकघर.

आता माझं ऐका, कारण इथे गेले दोन दिवस सगळे दाढीवाले एकमेकांना तारखा फेकून मारताहेत. माझ्या आत्याने दहावीनंतर शिकायचं म्हटलं तर आजोबा म्हणाले 'तू काय कलेक्टर होणार?' १९६९ च्या जुलैत चौदा बँका सरकारी झाल्या. त्यानंतर शाखा निघत गेल्या, भरती होत गेली. त्यात आत्या लागली. घरातली पहिली बाई जी सकाळी डबा घेऊन बाहेर पडली आणि पहिल्या तारखेला आजोबांच्या हातात पैसे ठेवायची. त्या दिवसापासून आजोबा 'कलेक्टरबाई' म्हणायचे, चिडवून नाही. कोयलीची रिफायनरी ६५ ची, आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी ६९ ची. सत्तरभर तिकडच्या बसा पहाटे भरून जायच्या, त्यात दांडियाबझारातली जुन्या राजवटीतल्या कारकुनांची नातवंडं. १९७८ ला मुलींचं लग्नाचं वय अठरा झालं. माझ्या धाकट्या मावशीचं सतराव्या वर्षी ठरलेलं लग्न पुढे ढकललं गेलं ते कुणा जॉर्जमुळे नाही.

तेव्हा दशक कशाने बदललं विचारलंत तर बँक, कारखाना आणि घरात आलेला गॅस. सरकारं आली-गेली.

मुळाकाठचा

ताई, छान. पण विषय आणीबाणी आहे.

वाडीतली विद्या

विषय सत्तरचं दशक आहे. शीर्षक वाचा. 'वाचता येत असेल तर' तुमचंच वाक्य आहे ना?

खंडेराव मार्केट

ताईंना फाफडा-जिलेबी माझ्याकडून.

प्रतापनगरचा

विद्याताई, पगार हातात पडला हे खरं, पण दुसरीकडे काय चाललं होतं तेही त्याच दशकात होतं. माझी मावशी मध्य प्रदेशात एका शाळेत शिकवायची. ७६ मध्ये तिला नसबंदीच्या 'केस' आणायला सांगितलं, नाही आणल्या तर पगार अडेल. ती बिचारी वस्तीत जाऊन पाया पडायची. मुलांना कविता शिकवणारी बाई. वर्षभरात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. तुमच्या आत्याचा पहिल्या तारखेचा पगार आणि माझ्या मावशीचा अडवलेला पगार, सरकार एकच.

वाडीतली विद्या

हे मी नाकारलंय कुठे? तुम्हाला कुणी एक वाक्य वेगळं बोललं की ते विरोधातच वाटतं.

अलकापुरीकर

नसबंदीची सक्ती चुकीचीच होती, हे मी आधीपासून म्हणतो. (पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, जागा नव्हती.)

खंडेराव मार्केट

चार ओळींत शिस्तीला जागा होती, नसबंदीला नव्हती. बरोबर.

अलकापुरीकर

खंडेराव, तुमची खवचट जीभ मार्केटातच ठेवून या.

ठीक आहे, प्रतापनगरकर, बाबूभाईंचं सरकार नवनिर्माणातून आलं आणि म्हणून आपल्याला मार्च ७६ पर्यंत झळ कमी लागली, हा मुद्दा घ्या, दिला. दिवाळी भेट समजा. पण वडिलांनी त्या काचा कर्ज काढून बसवल्या, त्यांनी कुणाचं तेल लपवलं नव्हतं. ते बिल मी कुणाकडे पाठवू? पोरांकडे, की मोरारजीभाईंकडे?

कायदेपंडित बाबाजीपुरा

मुदत संपली. दिवाणी दावा तीन वर्षांत.

गादीवाला

चिमणभाईंकडे पाठवायचं होतं. १९९० मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले तेव्हा पत्ता गांधीनगरचाच होता.

अलकापुरीकर

आणि त्यांना परत बसवलं कुणी? ज्यांनी ७४ मध्ये आमच्या काचा फोडल्या त्यांनीच ना? तेव्हा ते चाळिशीला आले होते, घरात गॅस होता, सिंगतेलाचा डबा भरलेला होता. प्रतापनगरकर, खरं सांगा, ९० ला मत कुणाला दिलंत?

प्रतापनगरचा

मतदान गुप्त असतं.

खंडेराव मार्केट

हा हा हा. सापडले!