मदत हवी आहे: ३२०० ची रॅम २६६६ वरच चालते, एक्सएमपी चालू केलं की डिस्प्ले येत नाही

मानेवाडा_पीसी
लवकर सांगा, उद्या दुकानात रॅम परत न्यायची की नाही ते ठरवायचं आहे. बजेटमध्ये पीसी जोडला. रॅमवर वेग ३२०० छापलाय, टास्क मॅनेजरमध्ये २६६६ दिसतं. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला छापील वेग देणारं सेटिंग) चालू केलं की पंखे फिरतात, स्क्रीन काळी. मग आपोआप बंद-चालू होऊन परत २६६६. दुकानदार म्हणतो रॅम चांगली आहे. या उन्हात बर्डीला पुन्हा चक्कर म्हणजे अर्धा दिवस गेला. ओव्हरक्लॉक, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवणं, कसं करायचं?

स्क्रू_ड्रायव्हर
प्रोसेसर? मदरबोर्ड? रॅमच्या स्टिक किती? काही बोर्डांवर मेमरीचा वेग वाढवताच येत नाही, इंटेलचा एच५१० घ्या उदाहरणार्थ.

फ्रेमरेट
रॅमच्या मागे काहून लागला भाऊ? सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घे, विषय संपला. मी तेच केलं, सगळे गेम मस्त चालून राहिले.

मानेवाडा_पीसी
कार्डाला पैसे नाहीत, आणि ते विचारलंही नाही. रायझन ५ ५६००जी, ए५२० बोर्ड, १६ जीबी.

स्क्रू_ड्रायव्हर
ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, मेमरी होते. म्हणजे बोर्ड आडवा येत नाही. १६ म्हणजे एकच स्टिक की ८-८?

नवंचघ्या
डीडीआर४ वर आता पैसे घालू नका. एएमडीचं नवीन सॉकेट एएम५ आणि डीडीआर५ घ्या, पुढची पाच वर्षं बघायला नको.

स्क्रू_ड्रायव्हर
@नवंचघ्या त्यांचा पीसी जोडून झालाय. एएम५ म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही नवीन. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते पाहिलंत का?

मानेवाडा_पीसी
८-८. एक नवीन, एक आधीच्या पीसीतली. जुनीही चांगली चालते.

सीएल१६
मग दुखणं तिथेच आहे. जुनीवर २६६६ लिहिलं असेल, बघा. दोन्ही स्टिक एकाच वेगाने चालतात, त्यामुळे बोर्ड हळू असलेलीच्या वेगावर थांबतो. एक्सएमपी लावलं की नवीनचं ३२०० चं सेटिंग जुनीवरही लादलं जातं. तिला ते झेपत नाही, म्हणून बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून मागे येतो. एक्सएमपी हेच मुळात कंपनीने तपासून दिलेलं ओव्हरक्लॉक आहे, बहुतेक वेळा १.३५ व्होल्टवर. नेहमीचं १.२ असतं.

आधी नवीन एकटी लावून एक्सएमपी द्या. चालली तर परत नेऊ नका.

फ्रेमरेट
मग जुनी काढून टाक आणि एकटीच ३२०० वर चालव ना!

सीएल१६
अजिबात नको. ५६००जी च्या आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. एकटी ३२०० सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन २६६६ मिळून ४२ च्या वर. ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन स्टिकची जोडी, मोडू नका. बोर्डाला चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरा.

बँडविड्थ
जुनी विकून ३६०० ची जोडी घ्या. ५६००जी ला १:१ मध्ये, म्हणजे प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर रॅमच्याच वेगाने ठेवून, सहज चालते.

सीएल१६
३६०० सीएल१८ आणि ३२०० सीएल१६, दोन्हींची लेटन्सी (उत्तर द्यायला लागणारा वेळ; सीएल म्हणजे त्याचे क्लॉक ठोके) १० नॅनोसेकंदच.

बँडविड्थ
लेटन्सी सारखी, पण जोडीची बँडविड्थ सेकंदाला ५१.२ जीबीवरून ५७.६ होते. आतल्या ग्राफिक्सला तीच लागते.

सीएल१६
हे मान्य. पण आजच्या भावात नवीन जोडीचा सल्ला मी देणार नाही.

खसवाला
कॅबिनेट खोलीतल्या पाण्याच्या कूलरसमोर ठेवू नका. आमच्याकडे मे महिन्यात हवेबरोबर पाण्याचे तुषार आत जात होते, रॅमच्या पिनांवर क्षारांचा पांढरा थर बसला होता.

फ्रेमरेट
खस लावता की हनीकॉम्ब?

खसवाला
खसच. वास तरी येतो.

मानेवाडा_पीसी
जुनीवर २६६६ च आहे. नवीन एकटी ३२०० वर लगेच चालली, म्हणजे दुकानाची चक्कर वाचली. आता दोन्ही लावून किती जमेल?

सीएल१६
हाताने २९३३, सीएल२०, १.३५ व्होल्ट द्या. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये १४६६ दिसेल, घाबरू नका, तो दुप्पट धरायचा. डिस्प्लेच आला नाही तर प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, बायोसची सेटिंग मूळपदावर येतील.

मानेवाडा_पीसी
२९३३ वर विंडोज उघडलं! रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ लावतो.

स्क्रू_ड्रायव्हर
त्याचे चारही पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या. एक जरी एरर आली तरी २६६६ वर परत या, नाहीतर फाइली नकळत खराब होतात. आणि इन्व्हर्टरवर लावा, मध्येच लाइट गेली तर पहिल्यापासून करावं लागेल.