चौथ्या भागाबद्दल थोडं

कुणीतरी लिहिलंय की 'द लास्ट डेव्हिल टू डाय' या रहस्यकादंबरीत रहस्य मागे पडतं आणि दुःखच पुढे येतं. अर्धं मान्य. हेरॉइन या अमली पदार्थाचा माग थोडा ताणलाय, खरं आहे. पण रिचर्ड ऑस्मनची ही 'थर्सडे मर्डर क्लब' मालिका (निवृत्तांच्या वसाहतीतली चार म्हातारी माणसं खुनांचा छडा लावतात) सुटीसुटी, मधूनच वाचली की घोळ होतो. त्या चौघांतल्या एलिझाबेथचा नवरा स्टीफन, त्याचा स्मृतिभ्रंश पहिल्या भागापासून (२०२०) हळूहळू वाढत येतो. एलिझाबेथ तो लपवते, त्यांचा मित्र बोगदान मात्र स्टीफनशी बुद्धिबळ खेळत राहतो. थेट चौथा (२०२३) उघडला तर हे सगळं साचलेलं ओझं जाणवतच नाही, मग ती प्रकरणं लांबलेली वाटणारच. दुसरा २०२१चा, तिसरा २०२२चा; क्रम मोडू नका.

तोल साधतो तो चौघांतल्याच जॉइसच्या डायरीमुळे. बाकी कथा तृतीयपुरुषी, डायरी प्रथमपुरुषी. ही निवृत्त नर्स केक आणि कुत्र्याबद्दल बडबडता बडबडता मध्येच एक वाक्य असं टाकते की वाचणारा थबकतो, आणि ती मात्र पुढच्या ओळीत परत केककडे. विनोद आजारावर कधीच नाही, माणसांच्या खोडींवर. वसाहतीतल्याच मर्व्हिनच्या ऑनलाइन प्रेयसीचं उपकथानक त्यासाठीच आहे. हसवतं, पण त्यातही एकटेपणच आहे. प्रकरणं आखूड असल्याने रडवणाऱ्या पानांनंतर श्वास घ्यायला जागा मिळते.

घरात नुकतंच असं आजारपण झालं असेल तर मात्र हा भाग सध्या बाजूला ठेवा. शेवटाकडची काही प्रकरणं अजिबात हलकी नाहीत.