नशेच्या बाबतीत 'धोका' म्हणावं की 'जोखीम'?

कातळसडा, रत्नागिरी
कॉलेजच्या मुलांसाठी एक प्रश्नावली मराठीत करते आहे. साचा अमेरिकेतल्या 'मॉनिटरिंग द फ्यूचर' या पाहणीचा. १९७५ पासून तिकडच्या शाळकरी मुलांना दरवर्षी विचारतात, की अमुक पदार्थ अमुक वेळा घेतला तर माणसाला शारीरिक किंवा दुसरी कुठली इजा होण्याची रिस्क किती. मी सरळ 'यात धोका किती?' असं लिहून ओळखीच्या मुलांना दिलं. गांज्यापुढे एकानं लिहिलं, 'पोलिसांनी धरलं तर आहे.' बियरपुढे, 'बाबांना वास आला तर.' एमडी म्हणजे मेफेड्रोनच्या पावडरीपुढे मात्र, 'मरतो माणूस.' पहिल्या दोन ठिकाणी धोका पकडलं जाण्याचा, तिसऱ्या ठिकाणी जिवाचा, आणि प्रश्न तर एकच! 'जोखीम' घातलं तर सुधारेल का?

दर्यावर्दी, हर्णै
ताई, 'जोखीम' घातलंत तर वेगळाच घोळ होईल. बंदरावर दोन्ही शब्द रोजचे, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. जोखीम आपण उचलतो, पत्करतो. धोका आपण बोलावलेला नसतो. वादळी हवेचा तीन नंबरचा बावटा बंदरावर लागलेला असताना कोणी होडी काढली तर 'जोखीम घेतलीन' म्हणतात. पाण्याखाली न दिसणारा खडक हा धोका. जोखीम घेणाऱ्याला वाटत असतं की हिशेब आपल्या हातात आहे.

पोरांच्या मनात नेमकी अशीच वाटणी आहे. दारू, सिगारेट, गुटखा ही जोखीम आणि पावडर हा धोका. दारूचा हिशेब त्यांनी घरात बघितलेला असतो ना. काका रात्री पितो आणि पहाटे होडीवर हजर असतो, हे डोळ्यांसमोर आहे. दुसरा काका चाळिशीत गेला, तर घरचे सांगतात 'काविळीनं गेला'. डोळे हळदीसारखे झालेले, पोटात पाणी भरलेलं, सगळ्या वाडीनं पाहिलेलं असतं, पण दारूचं नाव कोणी काढत नाही. पोरांच्या वहीत हा मृत्यू दारूच्या खात्यावर पडतच नाही.

चिवल्याची वाट, मालवण
माझं लक्ष नामांपेक्षा क्रियापदांकडे जातं. सिगारेट ओढतात, दारू पितात, गुटखा खातात, पंक्चरचं सोल्यूशन हुंगतात, मिश्री लावतात. ड्रग्ज तेवढे 'घेतात'. त्यामुळे रोज दोन पुड्या गुटखा खाणारा मुलगा 'मी काहीच घेत नाही' म्हणतो, तेव्हा त्याच्या मते तो खरंच बोलत असतो. मोठ्यांचं पुन्हा उलट. 'थोडी घेतली' म्हटलं की ती दारूच. 'तुम्ही घेता का?' हा प्रश्न बाप आणि मुलगा दोघांना दिलात तर उत्तरं दोन वेगळ्या गोष्टींची येतील. आमच्याकडे त्यातही पोटभेद आहेत: 'मी दारू पिणंय नाय, फक्त बियर पितंय.'

मिश्रीचं बघा. तंबाखूच भाजून केलेली पूड ती. पण 'लावणे' म्हटलं की दंतमंजनाच्या शेजारी जाऊन बसते. आजीची डबी नातीच्या हाती येते आणि कोणाला काही वाटत नाही. मिश्री तुमच्या यादीत आहे का?

हुंगण्याबद्दलही एक. केंद्र सरकारच्या २०१९ च्या देशभरच्या अहवालात हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा मुलांत जास्त निघालं, १.१७ टक्के विरुद्ध ०.५८. मुलं याला नशेत धरतच नाहीत. पंक्चरवाल्याकडे मिळतं ते ड्रग कसं असेल, असं सरळ तर्कशास्त्र.

मिठागर, अलिबाग
भीतीची रांग आणि व्यसन लागण्याची रांग एक नसते. अमेरिकेतल्याच एका पाहणीचे आकडे १९९४ साली छापून आले होते. आयुष्यात कधी ना कधी तो पदार्थ वापरलेल्यांपैकी किती जण त्यावर अवलंबून झाले? तंबाखू ३२ टक्के, हेरॉइन २३, दारू १५, गांजा ९. आमच्याकडच्या कुठल्याही कट्ट्यावर ही यादी वाचून दाखवली तर तंबाखू वर बघून पोरं हसतील.

म्हणून पावडरीची भीती खोटी, असं मात्र कोणी काढू नये. एमडीच्या पुडीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. दर्यावर्दींच्या भाषेत तो पाण्याखालचा खडकच. गांजाचे ९ टक्के हीदेखील काही थट्टा नव्हे. 'झाडपाला आहे, नैसर्गिक आहे' म्हणणाऱ्यांना तंबाखूही झाडपालाच आहे याची आठवण द्यावी. आणि सुपारी? नुसती सुपारीही कर्करोगकारक, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये दिला. आमची श्रीवर्धनकडे रोठा सुपारीची बाग आहे, लिहिताना हात जड होतोय.

दर्यावर्दी, हर्णै
ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या दापोलीच्या किनाऱ्यावर, कर्दे, लाडघर, केळशीकडे चरसची पाकिटं वाहून आली होती. तेव्हा पोरांच्या तोंडी दोनच प्रश्न: किती किलो आणि किती कोटी? त्यानं माणसाचं काय होतं, हे एकानंही विचारलं नाही. बातम्याही तशाच होत्या म्हणा. तुमच्या मुलाला गांज्यापुढे पोलीस आठवले त्यात नवल नाही.

कातळसडा, रत्नागिरी
दोन्ही शब्द काढून टाकते. एक प्रश्न असा: 'कोणी हे वर्षभर रोज केलं, तर त्याच्या शरीराचं आणि मनाचं किती नुकसान होईल?' पकडलं जाणं, घरी कळणं यासाठी खाली वेगळा प्रश्न. प्रत्येक पदार्थापुढे त्याचं त्याचं क्रियापद लिहीन, 'घेणे' कुठेच नाही. मिश्री नव्हती, घातली. सुपारीही. उत्तरांसाठी चार पर्याय: अजिबात नाही, थोडं, बऱ्यापैकी, खूप.

चिवल्याची वाट, मालवण
'बऱ्यापैकी' नको. 'बऱ्यापैकी जेवण होतं' म्हणतो तसं ते कौतुकाकडे झुकतं. 'बरंच' लिहा.