फिकट रंगाची लिंकवुड व्हिस्की बर्फ घातल्यावर गढूळ झाली. डुप्लिकेट आहे का?

कोरडा_दिवस:
जाणकारांनी जरा मदत करा. आमचे साडू ग्लासगोहून आले, येताना सिंगल माल्टची (म्हणजे एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की) एक बाटली घेऊन आले. माझी ओळख ग्लेनफिडिक आणि ग्लेनलिवेटपुरती. ह्या बाटलीवर डिस्टिलरीचं नाव लिंकवुड, पण त्याहून ठळक अक्षरांत भलत्याच कंपनीचं नाव. खाली डिस्टिल्ड २०१०, बॉटल्ड २०२३, हॉग्सहेड, पिंपाचा नंबर, एकूण बाटल्या २६८, आणि ५६.९ टक्के अल्कोहोल. रंग अगदी फिकट. सासरे म्हणाले, "तेरा वर्षांची म्हणे! मग इतकी पांढरी कशी?" शनिवारी उघडली, नेहमीसारखा बर्फ घातला, तर ग्लासात धुरकट झाली. साडूंनी चांगलेच पैसे मोजलेत, त्यांना विचारायची सोय नाही. डुप्लिकेट असेल का? ओतून देऊ?

शेवचिवडा:
ओतायची असेल तर पत्ता देतो, तिथे येऊन ओता.

अ‍ॅबरडीनकर:
ओतू नका. बाटली अस्सल वाटतेय, आणि तसं म्हणायला तुम्ही दिलेले आकडेच पुरेत. हॉग्सहेड म्हणजे साधारण २५० लिटरचं पिंप. स्कॉटलंडच्या गारठ्यात त्यातलं दरसाल दोनेक टक्के हवेत उडतं. तेरा वर्षांनी उरतात १९० लिटरच्या आसपास. स्कॉटलंडमधली बाटली ७०० मिलिलिटरची, म्हणजे झाल्या २७० बाटल्या. तुमच्या लेबलवर २६८. पिंपात भरताना स्पिरिट बहुधा ६३.५ टक्क्यांचं असतं, ते तेरा वर्षांत ५६.९ वर येणं हेही रीतसर. नकली माल बनवणारा इतका हिशेब करत बसत नाही. लेबलवर 'स्कॉटलंडमध्ये बाटलीबंद' असंही असेल, बघा. नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच तिथेच बाटलीत भरावी लागते.

आता ती भलती कंपनी. ह्यांना इंडिपेंडंट बॉटलर म्हणतात. लिंकवुड ही एल्गिनची, १८२१ पासूनची डिस्टिलरी. आज मालक डियाजिओ ही बडी दारू कंपनी. तिचा जवळजवळ सगळा माल ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिश्रणात जातो. स्वतःच्या नावाने नेहमी मिळणारी म्हणाल तर १२ वर्षांची, ४३ टक्क्यांची एक. ब्लेंडिंगसाठी पिंपांची देवाणघेवाण सतत चालते, त्यातली काही पिंपं हे बॉटलर उचलतात आणि आपल्या लेबलखाली एकेक पिंप बाटलीत भरतात. धंदा जुना आहे. त्याच एल्गिनमधले गॉर्डन अँड मॅकफेल १८९५ पासूनचे, मूळचे किराणा दुकानदार. कॅडनहेड त्याहून जुने, १८४२ चे, आमच्या अ‍ॅबरडीनचे. १९७२ पासून ते कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँक डिस्टिलरीवाल्यांकडे आहेत. सिग्नेटरी १९८८ ची, म्हणजे ह्या घरातलं धाकटं पोर. लिंकवुड, बेनरिनेस, मॅनोकमोर, टीनिनिक ह्या डिस्टिलऱ्यांची खरी चव बघायची तर ह्याच लोकांच्या दारात जावं लागतं.

रंगाचं सासरेबुवांना सांगा: दुकानातल्या बऱ्याच स्कॉचला कॅरॅमल घालून रंग आणतात, कायद्याने चालतं. तुमच्या बाटलीतलं पिंप आधी एकदोनदा वापरलेलं असणार. तशा लाकडाला रंग द्यायला फारसं उरलेलं नसतं. मला स्वतःला हीच पिंपं आवडतात, कारण लाकूड गप्प बसतं आणि डिस्टिलरी बोलते.

धुरकटपणा तर चांगली खूण. व्हिस्कीत तेलकट अंश असतात. गार केली आणि ताकद ४६ टक्क्यांच्या खाली गेली की ते दिसू लागतात. मोठ्या कंपन्या माल थंड करून ते गाळून टाकतात, म्हणजे गिऱ्हाइकाला तुमच्यासारखी शंका येत नाही. तुमच्या बॉटलरने गाळलेले नाहीत.

एकच विनंती, बर्फ नको. खालून फुगीर, वर निमुळता ग्लास घ्या, नसेल तर काचेचा छोटा पेला चालेल. पंधरा-वीस मिलिलिटर ओता, दहा मिनिटं तशीच ठेवा. नाक आत खुपसू नका, ५७ टक्के आहे, झोंबेल. तोंड किंचित उघडं ठेवून लांबूनच वास घ्या. मग साधं पाणी, चमच्याने, थेंब थेंब. प्रत्येक वेळी पुन्हा वास. चकल्या-शेंगदाणे नंतर. इंटरनेटवरचे 'हेदर' आणि 'ख्रिसमस केक' वाचू नका, आपल्या नाकाला जे सुचेल ते कागदावर लिहा.

कोरडा_दिवस:
मनापासून आभार! रात्री सांगितलंत तसं केलं. आधी नुसतं स्पिरिट झोंबलं. चारेक चमचे पाणी गेल्यावर हिरव्या सफरचंदाच्या सालीचा वास आला. बायकोने पेअर म्हटलं. मग थोडा मेणचट. सासऱ्यांनी लिहिलं, 'नव्या कोऱ्या मांजरपाटाचा वास'. पण पाण्याने नेमकं होतं काय?

अ‍ॅबरडीनकर:
मांजरपाट! सासरेबुवांना माझा नमस्कार. सफरचंद, पेअर, मेण, धुतलेलं कापड, लिंकवुड अशीच असते.

पाण्याबद्दल: २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर मांडून दाखवलं की ग्वायाकॉल, म्हणजे धुराच्या वासातला एक रेणू, जास्त अल्कोहोलमध्ये आत दडून राहतो आणि पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे सरकतो. प्रत्येक वासाचं असंच होतं असं नाही. पाण्याने काही बाटल्या उमलतात, काही चक्क बेचव होतात, म्हणून तर थेंबाथेंबाने.

सोडा_निराळा:
थोडं विरोधी मत. मीही हौसेने अशी एक घेतली होती. बॉटलरचं नाव घेत नाही. शेरीच्या पिंपातली, काळीकुट्ट. उघडली तर नुकत्याच विझवलेल्या काडीचा वास. पाण्याने हलला नाही, महिनाभर ठेवून हलला नाही. तेवढ्या पैशात डिस्टिलरीच्या स्वतःच्या दोन बाटल्या आल्या असत्या, आणि त्यांची चव दरवेळी तीच असते. एका पिंपावर पैसे लावणं म्हणजे मटका.

अ‍ॅबरडीनकर:
मटका आहे खरा. तो वास गंधकाचा. शेरीची रिकामी पिंपं खराब होऊ नयेत म्हणून आत गंधक जाळायची पद्धत, त्याचा अंश राहतो. काहींना आवडतोही, मला नाही.

पण 'चव दरवेळी तीच' हाच माझा आक्षेप आहे. शेकडो पिंपं एकत्र करून ती तशी आणलेली असते, वर पाणी घालून ताकद ४० टक्क्यांपर्यंत उतरवलेली. मी एकदा एकाच वर्षीच्या दोन कूल ईला (आयला बेटावरची धुरकट वासाची माल्ट) शेजारी ठेवून प्यायलो, दोन्ही हॉग्सहेड, बॉटलर वेगळे. एकीत लिंबू आणि राख, दुसरीत टिंक्चर आयोडीन आणि सुक्या बोंबलांचं वाळवण. डिस्टिलरी तीच, वय जवळजवळ तेच. कुठली जास्त आवडली ह्यावर माझं आणि मित्राचं अजून पटलेलं नाही.

तोटा टाळायचा तर पूर्ण बाटली घ्यायच्या आधी बारमध्ये एक ड्रॅम, म्हणजे छोटा पेग मागवा. एडिनबरा, ग्लासगोला सहज जमतं. एडिनबरातल्या लीथमध्ये १९८३ पासून एक सोसायटीही आहे, ती तर बाटलीवर डिस्टिलरीचं नावच छापत नाही, नुसता नंबर. ३९ म्हणजे लिंकवुड, ५३ म्हणजे कूल ईला. सभासद व्हावं लागतं. नावाचा तिथे मुळीच प्रभाव पडत नाही, मला ते फार बरं वाटतं.

आणि हा बाजार आटतोय. गॉर्डन अँड मॅकफेलनी २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२४ पासून दुसऱ्यांच्या डिस्टिलऱ्यांची नवी पिंपं भरणार नाहीत. जुना साठा दशकानुदशकं पुरेल, पण झरा बंद. काही डिस्टिलऱ्या नाव वापरू देत नाहीत, म्हणून 'सीक्रेट ऑर्कनी' वगैरे लेबलं दिसतात. ग्लेनफिडिक-बाल्व्हेनीवाले तर पिंपात दुसऱ्या माल्टचा चमचाभर घालून विकतात, म्हणजे सिंगल माल्ट म्हणताच येत नाही. लेबलवर 'वॉर्डहेड' दिसलं तर ती ग्लेनफिडिक, 'बर्नसाइड' दिसलं तर बाल्व्हेनी, वर चमचाभर परकं.

कोरडा_दिवस:
साडू दिवाळीला पुन्हा येतायत. तीन बाटल्या सांगू का? कूल ईला तर हवीच.

अ‍ॅबरडीनकर:
दोन सांगा. भारतात येताना माणशी दोन लिटरची सूट आहे. ७०० मिलिलिटरच्या तीन झाल्या की २.१ लिटर, आणि त्या शंभर मिलिलिटरसाठी कस्टमवाल्याशी हुज्जत कोण घालणार? उरलेल्यात मिनिएचर, म्हणजे चिमुकल्या बाटल्या बसतात. सामानात टाकायच्या, केबिनमध्ये नाही. ७० टक्क्यांच्या वरची विमानात चालत नाही, पण पिंपातली सहसा तिथवर जात नाही.

शेवचिवडा:
साडूंबरोबर त्यांची बायको येतेय का? मग चार लिटर झाले की.