मदत हवी आहे: स्टॉक कार डांबरी ट्रॅकवरून मातीच्या ट्रॅकवर न्यायची आहे

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहतो आणि उन्हाळ्यात शनिवारी रात्री डांबरी ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर) स्ट्रीट स्टॉक, म्हणजे रस्त्यावरच्या साध्या गाडीपासून बनवलेली रेसची गाडी, चालवतो. गाडी जनरल मोटर्सच्या मेट्रिक चासीची (मधल्या आकाराच्या गाड्यांच्या सांगाड्याची), ऐंशीच्या दशकातली माँटे कार्लो. पुढच्या हंगामात मातीवर उतरायचं नक्की केलंय. आयोवात राहून मातीवर न धावणं म्हणजे पंढरपुरात राहून वारी न बघण्यासारखं आहे. सप्टेंबरात इथल्याच बून गावी आयएमसीए या रेसिंग संघटनेच्या सुपर नॅशनल्स, म्हणजे मोठ्या वार्षिक शर्यती, होतात, तिथे स्टॉक कारच्या वर्गात एकदा तरी नाव घालायचंच.

अडचण अशी, की माझे हात डांबरावर घडलेत. सरळ असतानाच ब्रेक, हळू स्टिअरिंग, वळणात खाली चिकटून, गॅस जपून. एक रेषा सापडली की ती रात्रभर टिकते. मातीवर ती तासाभरात बदलते. टेनेसीतल्या ब्रिस्टल ट्रॅकवर काँक्रीटवर माती अंथरून नॅसकारच्या कप मालिकेची (स्टॉक कारच्या सर्वात वरच्या मालिकेची) रेस झाली, तेव्हा 2021 मध्ये डांबरावर वाढलेला जोई लोगानो जिंकला आणि 2023 मध्ये मातीवर तयार झालेला क्रिस्टोफर बेल. म्हणजे जमतं. पण सुरुवात कुठून करायची? आहे तीच गाडी बदलून घेऊ की मातीची जुनी गाडी विकत घेऊ? आणि ट्रॅक वाचायचा कसा?

प्रतिसाद 1

दादा, आधी आयएमसीएचं नियमपुस्तक घेऊन गाडीखाली शिरा. सस्पेन्शनच्या मूळ जागा हलवलेल्या असतील तर त्या चासीवर पैसे घालू नका, मातीची जुनी गाडी स्वस्त पडेल. जागा मूळच्या असतील तर ही गाडी चालेल. स्प्रिंगा आणि शॉक (धक्के शोषणारे दांडे) मात्र बदलावे लागतील. डांबरावरची गाडी खाली बसलेली आणि कडक असते, झुकू नये म्हणून. मातीवर ती झुकायलाच हवी. वजन उजवीकडे गेलं तरच उजवी चाकं धरतात. टायरमधली हवाही कमी ठेवतात. पुढची काच काढा, तिथे सळ्या आणि जाळी. हेल्मेटच्या काचेवर फाडून टाकायच्या फिल्मचे थर लावा, नाहीतर दोन फेऱ्यांत चिखलाने आंधळे व्हाल. रेडिएटर प्रत्येक रेसनंतर धुवा. मातीने बुजलेल्या रेडिएटरपायी चांगली इंजिनं गेलेली पाहिली आहेत.

प्रतिसाद 2

गाडीचं वर आलंच आहे, मी मातीबद्दल लिहिते. माझं माहेर शेतकऱ्याचं, म्हणून मला ट्रॅक वाफशाच्या हिशोबानेच समजला. संध्याकाळी पाणी मारून आणि गाड्या फिरवून ट्रॅक दाबतात, तेव्हा माती वाफशात असते. गडद, चिकट, टायरला धरून ठेवणारी. हीट रेस (मुख्य रेसआधीच्या छोट्या पात्रता रेस) तेव्हा होतात. गाडी बिनधास्त आत घाला. मुख्य रेसपर्यंत मधला भाग सुकून चकचकीत होतो आणि सुटलेली माती बाहेरच्या कडेला साठून तिचा बांध होतो. त्याला कुशन म्हणतात. मग वाटा दोनच. उजवं मागचं चाक कुशनला टेकवून गॅस न सोडता फिरायचं, किंवा अगदी खाली, जिथे थोडी ओल उरलेली असते तिथून. कुशन ओलांडलं की पुढे भिंत. पहिला हंगाम खालूनच काढा.

मागची बाजू सुटली की चाकं उजवीकडे वळवा, पण गॅस एकदम सोडू नका. सोडलात की गिरकी. आणि डांबरावरचं सगळं विसरा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. चकचकीत ट्रॅकवर गॅस दाबणाऱ्याची चाकं जागच्या जागी फिरतात. तिथे तुमचा हळू पाय आणि शांत हातच पुढे नेतो. तुम्हाला शिकायचंय ते ओल्या मातीवर धीट होणं.

मूळ लेखक

ताई, दादा, मनापासून आभार. सस्पेन्शनच्या जागा उद्याच मोजतो. आता एकच विचारायचंय: ब्रेकचा जोर डांबरावर मी पुढच्या चाकांवर जास्त ठेवतो. मातीसाठी मागे किती सरकवू?

प्रतिसाद 2

आकडा कोणाचा घेऊ नका. हंगामाआधी ट्रॅक सरावासाठी उघडतात, तेव्हा थोडा थोडा मागे सरकवत जा. वळणात शिरताना ब्रेकला हलका पाय लावल्यावर गाडीचं नाक आपोआप आत वळायला लागलं की थांबा. त्याच्या पुढे गेलात तर मागची बाजू तुमच्या पुढे निघेल.