टॉम पेलेरो : स्पर्धेने घडवलेला उद्योजक, की स्पर्धेला सापडलेला?

शंकेखोर

ब्रिटनमधील ‘द अप्रेंटिस’ या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या सातव्या पर्वात, म्हणजे २०११ साली, टॉम पेलेरो विजेता ठरला. त्याआधीच्या सहा पर्वांत विजेत्याला कार्यक्रमाचे परीक्षक, ब्रिटिश उद्योगपती अॅलन शुगर यांच्याकडे वर्षाला एक लाख पौंड पगाराची नोकरी मिळत असे. या पर्वापासून मात्र अडीच लाख पौंडांचे भांडवल आणि शुगर यांच्याशी निम्मी-निम्मी भागीदारी असे बक्षिसाचे स्वरूप झाले. त्यामुळे टॉमचा उल्लेख ‘स्पर्धेने दिलेला पहिला उद्योजक’ असा केला जातो, आणि माझा आक्षेप नेमका या उल्लेखाला आहे.

या कार्यक्रमात स्पर्धक गटांत विभागून दर आठवड्याला धंद्याची एक कामगिरी करतात आणि हरलेल्या गटातून कोणीतरी बाद होतो. त्या पर्वाचा गुणफलक आठवून पाहावा. अंतिम चौघांमधील हेलन मिलिगन अकरांपैकी दहा कामगिऱ्यांत जिंकणाऱ्या गटात होती, तर टॉम बहुतेक वेळा हरणाऱ्या गटात असे. इतकेच नव्हे, मुलाखतींच्या शेवटच्या फेरीत त्याने मांडलेली योजना कार्यालयातील लोकांच्या पाठदुखीवर उपाय म्हणून खास खुर्ची काढण्याची होती, आणि ती शुगर यांना पटली नाही. तरीही त्यांनी टॉमलाच निवडले, आणि भागीदारीतला धंदा उभा राहिला तो नेल फाइल, म्हणजे नखे घासून आकार देण्याची पट्टी, यांसारख्या वस्तूंवर. इंग्रजी एस अक्षराप्रमाणे वळण असलेली ती नेल फाइल, ‘स्टायलफाइल’, टॉमने स्पर्धेत येण्याआधीच तयार केलेली होती. अकरा आठवडे जी परीक्षा घेतली तिचा निकाल बाजूला ठेवून आणि शेवटी मागवलेली योजनाही नाकारून ज्याची निवड झाली, त्याच्या पुढच्या यशाचे श्रेय त्या परीक्षेला कसे द्यायचे?

ताळेबंद

आपण परीक्षा आणि बक्षीस यांची गल्लत करत आहात. परीक्षा निरुपयोगी होती हे मी वादासाठी मान्य करतो. एका दिवसात फळे विकून किंवा जाहिरात तयार करून कोणाची उद्योजकता कळते, असे मलाही वाटत नाही. पण बक्षिसाचे काय?

घरगुती वापराची छोटी वस्तू मोठ्या दुकानसाखळ्यांत विकायची म्हणजे साचे करून घ्यावे लागतात, कारखान्याला आगाऊ रक्कम द्यावी लागते, माल बोटीवर असेपर्यंत आठवडेच्या आठवडे पैसा अडकून राहतो आणि दुकानाने माल घेतल्यावरही बिल चुकते व्हायला पुन्हा उधारीची मुदत सरावी लागते. कल्पना चांगली असूनही कित्येक संशोधक याच फटीत बुडतात. मागणी वाढते तशी ही फट रुंदावत जाते, त्यामुळे पहिली मोठी मागणी हीच लहान उत्पादकाच्या गळ्याला फास ठरू शकते. अडीच लाख पौंडांनी टॉमची ही फट भरून निघाली.

आणि भागीदार कोण होता तेही पाहा. शुगर यांनी १९६८ मध्ये अॅमस्ट्रॅड ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची कंपनी काढली आणि तिचे सगळे यश एकाच रीतीवर उभे होते : वस्तू स्वस्तात बनवून घ्यायची, दिसायला आकर्षक ठेवायची आणि मोठ्या दुकानांतून सामान्य ग्राहकाच्या हाती पोहोचवायची. १९८४ चा सीपीसी ४६४ हा संगणक पडद्यासकट एकाच प्लगवर चालत असे, कारण वस्तू घरी नेली की लगेच सुरू व्हावी एवढीच ग्राहकाची अपेक्षा असते, हे त्यांनी ओळखले होते. नेल फाइल आणि संगणक यांत फारसे साम्य नाही, पण कारखान्याशी भावाची घासाघीस आणि दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याशी बोलणी यांत ते पुरेपूर आहे. खुर्चीची योजना नाकारून त्यांनी टॉमला नखांकडे वळवले, यातच भागीदाराची किंमत वसूल झाली असे मी म्हणेन.

कोरा कागद

किंमत वसूल झाली खरी, पण ती किती होती? अडीच लाखांना निम्मा हिस्सा, म्हणजे गुंतवणुकीनंतर संपूर्ण कंपनीचे मोल पाच लाख पौंड. पुढे कंपनी कितीही मोठी झाली तरी तिच्यातला अर्धा वाटा पहिल्याच दिवशी गेलेला. शिवाय हा हिस्सा वाटाघाटीतून ठरला नव्हता, तो कार्यक्रमाच्या नियमातच लिहिलेला होता. बाहेर कोणत्याही गुंतवणूकदाराने सुरुवातीलाच निम्मी मालकी मागितली असती, तर आपणच टॉमला उठून जाण्याचा सल्ला दिला असता.

त्याच पर्वातील सुझन मा हिचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. फ्रेंच लोकांना आपली मुले फार आवडतात का, असा प्रश्न तिने एका कामगिरीत विचारला आणि त्यावरून तिची यथेच्छ टिंगल झाली. (प्रश्न माझ्या मते अगदीच वेडगळ नव्हता, मुलांसाठीची वस्तू परक्या बाजारात विकण्याआधी कोणीतरी तो विचारायलाच हवा.) ती जिंकली नाही. मात्र सौंदर्यप्रसाधनांचा तिचा ‘ट्रॉपिक’ हा व्यवसाय पुढे इतका वाढला की विजेत्यांपैकी बहुतेकांच्या कंपन्या त्यापुढे लहान दिसतात. विजेतेपद नसताना हे झाले.

ताळेबंद

सुझनचे उदाहरण आपल्याच बाजूवर उलटते. स्पर्धा हरल्यावर तिच्या कंपनीत पैसे घातले ते शुगर यांनीच, आणि हिस्साही निम्माच घेतला. म्हणजे विजेतेपद नव्हते, पण भांडवल, भागीदार आणि लाखो प्रेक्षकांची ओळख या तिन्ही गोष्टी तिला त्याच दारातून मिळाल्या. शिवाय निम्मा हिस्सा महाग असेल, तर नियमाचे बंधन नसताना तिने तो का दिला?

जुना प्रेक्षक

या चर्चेत पहिली सहा पर्वे अगदीच विसरली गेली आहेत. २००५ चा पहिला विजेता टिम कॅम्पबेल अॅमस्ट्रॅडमध्ये नोकरी करून बाहेर पडला आणि त्याने तरुणांना व्यवसाय सुरू करण्यास मदत करणारी संस्था उभारली; २०२२ पासून तो त्याच कार्यक्रमात शुगर यांच्या शेजारी निरीक्षक म्हणून बसतो. उलट २०१० ची विजेती स्टेला इंग्लिश हिने आपल्याला खरे कामच दिले गेले नाही अशी तक्रार करून राजीनामा दिला आणि दावा लावला. रोजगार न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये तो फेटाळला. पुढे शुगर यांनी तिच्याकडून खर्च मागितला, तोही मिळाला नाही. एकाच बक्षिसाची अशी दोन टोके असतील, तर फरक माणसांतच शोधावा लागतो. या बाबतीत माझे मत शंकेखोर यांच्या बाजूने आहे.

कोरा कागद

नोकरी आणि भागीदारी यांना एका मापाने मोजू नये. स्टेलाच्या हाती स्वतःचे असे काही नव्हते. टॉमकडे वस्तू होती.

शंकेखोर

शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे आणि माझा मुद्दा त्यातच आहे. सुझन स्पर्धेच्या आधीपासून स्वतः बनवलेली प्रसाधने विकत होती, टॉमची फाइलही आधीपासून बाजारात होती. दोघांकडेही विकता येईल अशी वस्तू तयार होती आणि शुगर यांनी तीच पाहून पैसे लावले.

ताळेबंद यांचा उधारीच्या फटीविषयीचा युक्तिवाद मात्र मला खोडता येत नाही. भांडवल आणि भागीदार नसते तर स्टायलफाइल कदाचित एका लहान दुकानाच्या कोपऱ्यात राहिली असती, हे मान्य. पण टॉमच्या कंपनीचे पुढचे नावाजलेले उत्पादन पाहा : मेकअपचे ब्रश फिरवून धुणारे आणि वाळवणारे ‘स्टायलप्रो’ हे यंत्र. ते ना शुगर यांच्या बोर्डरूममध्ये, म्हणजे स्पर्धकांची झाडाझडती होते त्या बैठकीत, सुचले होते, ना मुलाखतीच्या योजनेत होते. दुसरी वस्तू सुचण्यासाठी जे लागते ते त्या अकरा कामगिऱ्यांपैकी नेमक्या कोणत्या कामगिरीत तपासले गेले होते, एवढेच ताळेबंद यांनी मला दाखवावे.

ताळेबंद

एकाही नाही. पण ती दुसरी वस्तू बाजारात आणण्याइतकी वर्षे कंपनी कोणाच्या पैशावर टिकली, हेही आपण त्याच हिशेबात लिहून ठेवा.